द्वीपसमूहासाठी नवी परोपजीवी माशी: अळी सापडण्यापासून नोंद प्रसिद्ध होईपर्यंत

गॅलापागोस द्वीपसमूहात १९९७ मध्ये फिंच पक्ष्यांची घरटी तपासताना संशोधकांना पिल्लांचे रक्त पिणाऱ्या माशीच्या अळ्या आढळल्या. ती माशी होती फिलॉर्निस डाऊन्सी. तिचे वर्णन १९६८ मध्ये त्रिनिदादच्या नमुन्यांवरून झालेले होते, पण गॅलापागोसमध्ये ती आहे याची कोणाला कल्पना नव्हती. पुढे संग्रहालयांतील जुने खण धुंडाळले गेले, तेव्हा त्याच द्वीपसमूहातून १९६४ मध्ये पकडलेले तिचे नमुने सापडले. म्हणजे माशी तेहेतीस वर्षे टाचणीवर उभी होती आणि त्या काळात बेटांवरच्या पक्ष्यांना ती नेमके काय करत होती, हे पाहणारे कोणी नव्हते.

या एका उदाहरणात पुढच्या सगळ्या मार्गदर्शनाचे सार आहे. ‘द्वीपसमूहासाठी नवी’ हे विधान माशीपेक्षा त्या द्वीपसमूहाविषयीच्या आपल्या माहितीबद्दलचे असते. माशी केव्हा आली, कोठून आली, तेथे स्थिरावली आहे का आणि कोणाच्या जिवावर जगते, हे चारही प्रश्न वेगळे आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. निव्वळ नाव पटले म्हणून घाईने नोंद प्रसिद्ध करणाऱ्याच्या हातात यातल्या एकाचेही उत्तर नसते. म्हणून या लेखात माशी पकडण्यापेक्षा ती वाढवण्यावर, तिचे यजमान, म्हणजे ज्या जिवांवर ती पोसली जाते ते, ओळखण्यावर आणि नमुना जपण्यावर अधिक भर दिला आहे.

आधी शब्दांचा गोंधळ दूर करावा

माश्यांमध्ये परोपजीवी जगण्याचे दोन ढोबळ प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात माशी किंवा तिची अळी यजमानावर पोसली जाते, परंतु यजमान मेलाच पाहिजे असे नसते. पक्ष्यांच्या पिसांत वावरणाऱ्या हिप्पोबॉसिडी कुळातील चपट्या माश्या, वटवाघळांवरील माश्या आणि घरट्यात लपून पिल्लांचे रक्त शोषणाऱ्या फिलॉर्निसच्या अळ्या या प्रकारात येतात, जरी शेवटच्या उदाहरणात पिल्ले वारंवार दगावतात. दुसऱ्या प्रकारात अळी यजमानाच्या शरीरात वाढते आणि वाढ पूर्ण होताना यजमानाचा मृत्यू जवळपास ठरलेलाच असतो. टॅकिनिडी हे यातील सर्वांत मोठे कुळ असून त्याच्या जगभरात साडेआठ हजारांहून अधिक प्रजातींचे वर्णन झाले आहे. रेशीम उत्पादकांना धसका बसवणारी उझी माशी याच कुळातली. याशिवाय तुडतुड्यांच्या शरीरात वाढणारी पिपुनक्युलिडी, मधमाश्या व गांधीलमाश्यांना गाठणारी कोनोपिडी, कोळ्यांच्या शरीरात राहणारी ॲक्रोसेरिडी आणि एकांड्या मधमाश्यांच्या बिळांवर टपलेली बॉम्बिलिडी अशी अनेक कुळे आहेत. आपण कोणत्या प्रकाराच्या मागे आहोत, यावर शोधण्याची पद्धत संपूर्णपणे ठरते.

‘नवी’ या शब्दाचेही तीन अर्थ होतात: शास्त्राला नवी, द्वीपसमूहाला नवी आणि त्यातील एखाद्या बेटाला नवी. या तिन्हींसाठी लागणारे काम सारखे नाही. शास्त्राला नवी असल्यास वर्णन, प्रमाण नमुना (ज्याला ते नाव कायमचे जोडले जाते तो नमुना) आणि प्राणिशास्त्रीय नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे पालन आवश्यक ठरते. द्वीपसमूहाला नवी असल्यास आधीच्या साऱ्या नोंदी तपासल्याचा विश्वसनीय पुरावा लागतो. बेटाला नवी असल्यास सहसा एक छोटे टिपण पुरेसे असते.

पूर्वतयारी: परवाना, यादी आणि जुने खण

बेटांवरील बहुतेक चांगले अधिवास संरक्षित असतात, म्हणून नमुने गोळा करण्याचा परवाना, ते बेटाबाहेर नेण्याचा परवाना आणि ज्या देशात ते तपासायचे त्या देशाचे आयातीचे नियम हे तिन्ही जाण्यापूर्वी लेखी स्वरूपात हाती असावेत. २०१० मध्ये स्वीकारला गेलेला आणि २०१४ मध्ये अमलात आलेला नागोया करार जनुकीय साधनसंपत्तीच्या वापराविषयी आहे. त्यामुळे डीएनए तपासणी करायची असेल तर परवान्यात तिचा स्वतंत्र उल्लेख करून घ्यावा. परवान्याशिवाय गोळा केलेला नमुना शास्त्रीयदृष्ट्या कितीही मोलाचा असला तरी प्रसिद्ध करता येत नाही. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना जाळी, बूट, डबे आणि पिशव्या स्वच्छ करणे हाही तयारीचाच भाग आहे. जी माशी आपण शोधत आहोत, तिचे वाहन आपणच होता कामा नये.

यानंतर त्या द्वीपसमूहाची माश्यांची ताजी यादी मिळवावी आणि ती कधी, कोणी, कोणत्या बेटांच्या आधारे केली हे पाहावे. यादीत नाव नाही याचा अर्थ प्रजाती नाही असा होत नाही. अनेकदा त्या कुळाकडे कोणी पाहिलेलेच नसते. जीबीआयएफ या खुल्या नोंदसंचात त्या वंशाच्या नोंदी पाहाव्यात आणि प्रत्येक नावाची जुनी, आता अग्राह्य ठरलेली पर्यायी नावे लिहून ठेवावीत. हवाई बेटांवर उसातील सोंडकिड्याच्या नियंत्रणासाठी फ्रेडरिक म्युर यांनी न्यू गिनीतून आणलेली माशी १९१० मध्ये तेथे स्थिरावली. त्या काळच्या कागदपत्रांत ती सेरोमेशिया या वंशाच्या नावाने आहे आणि आज ती लिक्सोफागा स्फेनोफोरी म्हणून ओळखली जाते. जुने नाव ठाऊक नसलेल्या अभ्यासकाला हीच माशी ‘नवी’ वाटू शकते. कीडनियंत्रणासाठी मुद्दाम सोडलेल्या माश्यांची कृषी खात्यांची दप्तरे म्हणूनच यादीइतकीच महत्त्वाची असतात, आणि ती वाचण्याचा कंटाळा करू नये.

जुन्या संग्रहांतील ‘अनोळखी’ अशी चिठ्ठी लावलेले खण हा तयारीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. संग्रहालयाच्या व्यवस्थापकाला आधी पत्र लिहून त्या द्वीपसमूहातील कुळाचे अनिर्धारित नमुने पाहण्याची परवानगी मागावी. तेथे घालवलेले दोन दिवस रानातील दोन आठवड्यांच्या तोडीचे ठरू शकतात.

कोठे आणि कसे शोधावे

उडणाऱ्या प्रौढ माश्या पकडण्यासाठी हातजाळी, पिवळ्या उथळ ताटल्यांत साबणाचे पाणी भरून केलेले सापळे आणि मलेझ सापळा ही नेहमीची साधने आहेत. मलेझ सापळा हा तंबूसारखा असून स्वीडिश कीटकतज्ज्ञ रेने मलेझ यांनी १९३० च्या दशकात तो तयार केला. अडथळा आला की माशी वर चढते, या सवयीचा त्यात उपयोग केला आहे. म्हणून सापळ्याचे टोक उजेडाच्या दिशेला आणि भिंत माश्यांच्या वाटेला आडवी यावी, अशी जागा निवडणे महत्त्वाचे आहे. टॅकिनिड माश्यांचे नर टेकड्यांच्या माथ्यावर जमतात, त्यामुळे छोट्या बेटावरील सर्वांत उंच ठिकाणी एका उन्हाच्या सकाळी दोन तास उभे राहणे हा माझ्या मते कोणत्याही सापळ्याइतकाच चांगला उपाय आहे. छत्रीसारखे फुलोरे असलेल्या वनस्पती, मावा पडून चिकट झालेली पाने आणि साखरेचे पातळ पाणी शिंपडलेली झुडपे यांवरही माश्या उतरतात.

काही माश्यांना मात्र त्यांच्या सवयीनुसारच गाठावे लागते. ऑर्मिया ओक्रेशिया ही माशी नर रातकिड्याच्या गाण्याचा माग काढत येते आणि त्याच्या अंगावर किंवा आसपास जिवंत अळ्या सोडते. रात्री ध्वनिक्षेपकावर रातकिड्याचे गाणे लावून तिच्या माद्या पकडता येतात. ही माशी हवाईत बाहेरून पोहोचलेली आहे, आणि कौआई बेटावर २००३ मध्ये संशोधकांना रातकिड्याचे बहुसंख्य नर मुके झालेले आढळले. त्यांच्या पंखांवरची आवाज काढणारी रचनाच नाहीशी झाली होती. फिलॉर्निसच्या प्रौढ माश्या रक्त पीत नाहीत. त्या आंबलेल्या फळांकडे ओढल्या जातात, म्हणून गॅलापागोसमध्ये त्यांच्यासाठी पपईचा रस आणि साखर घातलेले मॅकफेल सापळे, म्हणजे द्रव आमिषाची, आत शिरलेली माशी अडकवणारी भांडी, झाडांवर टांगले जातात.

जागा निवडताना दोन टोके धरावीत. एकीकडे बंदर, विमानतळ, रोपवाटिका आणि शेते, जेथे बाहेरून आलेला जीव पहिल्यांदा उतरतो. दुसरीकडे मूळ जंगलाचे उरलेले तुकडे, जेथे इतके दिवस नजरेतून सुटलेला स्थानिक जीव असण्याची शक्यता असते. दोन्हीकडे सारखाच वेळ दिला, तर पुढे माशी आगंतुक की मूळची हे ठरवताना तीच माहिती उपयोगी पडते.

यजमानासह वाढवणे

जाळ्यात आलेली माशी फक्त ‘ती येथे उडत होती’ एवढेच सांगते. यजमानातून निघालेली माशी ती येथे जगते, कोणाच्या जिवावर जगते आणि तिची पुढची पिढी येथेच वाढते, हे तिन्ही एकदम सांगते. त्यामुळे वेळ आणि श्रम यांचा मोठा वाटा या टप्प्याला द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सुरवंट, ढेकूणवर्गीय किडे, भुंगे, रातकिडे असे संभाव्य यजमान गोळा करताना प्रत्येक जीव स्वतंत्र डब्यात ठेवावा. एकाच डब्यात दहा सुरवंट ठेवले आणि तळाशी एक कोष मिळाला, तर तो कोणातून आला हे कधीच कळणार नाही. डब्याला क्रमांक, वहीत त्याच क्रमांकाने जागा, तारीख, खाद्यवनस्पती आणि यजमानाच्या वाढीची अवस्था लिहावी, तसेच जिवंत यजमानाचे छायाचित्र पहिल्याच दिवशी काढावे. परोपजीवी अळीने पोखरलेल्या यजमानाचे नंतर ओळखण्याजोगे काही उरत नाही, आणि यजमानाचे नाव चुकले तर साऱ्या कष्टांचे मोल निम्म्यावर येते.

सुरवंट भिंगाखाली नीट पाहावा. काही टॅकिनिड माद्या डोक्याच्या मागे, जेथे सुरवंटाचे तोंड पोहोचत नाही अशा जागी, पांढरे अंडे चिकटवतात. ते अंगावर सांडलेल्या रंगाच्या ठिपक्यासारखे दिसते, पण नखाने सहज निघत नाही. अंडे उबण्याआधी सुरवंटाने कात टाकली तर कातीबरोबर अंडेही जाते आणि सुरवंट वाचतो, म्हणून टाकलेली कातही जपून ठेवावी. काही माश्या पानांवर अतिसूक्ष्म अंडी घालतात आणि सुरवंट पानाबरोबर ती गिळतो. अशा वेळी बाहेरून कोणतीच खूण दिसत नाही. आत गेलेली अळी यजमानाच्या त्वचेशी किंवा श्वासनलिकेशी नरसाळ्यासारखी जोडणी करून हवा घेते, आणि कधीकधी त्या जागी त्वचेवर काळसर डाग उमटतो.

यजमानाला ताजी पाने रोज द्यावीत आणि विष्ठा काढून टाकावी. झाकणाला बारीक जाळी लावावी, कारण कोंदट डब्यात बुरशी येते आणि कोरड्या डब्यात अळी सुकते. वाढ पूर्ण झाली की अळी यजमानातून बाहेर पडते आणि काही तासांत तिची कातडी आक्रसून पिंपाच्या आकाराचा तपकिरी कोष तयार होतो. कोषाखाली किंचित ओलसर माती अथवा कागद ठेवावा. कोष पाण्यात लोळता कामा नये.

माशी निघतानाचा क्षण पाहण्यासारखा असतो. कोषाचे पुढचे टोक गोल टोपीसारखे उचलले जाते आणि त्यातून कपाळावर फुगलेली, आकुंचन-प्रसरण पावणारी पांढरट पिशवी बाहेर येते. त्या पिशवीच्या जोरावर माशी कोष फोडते आणि मातीतून वर चढते. तेव्हा तिचा रंग फिका राखाडी असतो आणि पंख चुरगळलेल्या कागदासारखे पाठीवर चिकटलेले असतात. याच वेळी तिला मारले तर शरीर सुकताना खचते, रंग उमटत नाहीत आणि ओळखीची बरीच लक्षणे हातची जातात. निदान एक दिवस तिला जाळीच्या मोठ्या डब्यात, ओल्या कापसासह, मोकळे चढू-उतरू द्यावे.

कोषातून माशीऐवजी चिमुकली गांधीलमाशी निघाली तर निराश होऊ नये. ती परोपजीवीवरची परोपजीवी असते आणि तिची नोंदही मोलाची असते. कोषातून काहीच निघाले नाही तरी डबा टाकू नये, कारण काही प्रजाती प्रतिकूल ऋतू कोषातच काढतात आणि महिन्यांनंतर बाहेर पडतात.

येथे एक गंभीर चूक वारंवार होते. मेगासेलियासारख्या लहान फोरिड माश्या मेलेल्या किंवा मरणासन्न किड्यांवर अंडी घालतात. डब्यातील यजमान दुसऱ्याच कारणाने मेला आणि दोन आठवड्यांनी त्यातून माश्या निघाल्या, तर त्यांना परोपजीवी म्हणण्याचा मोह होतो. वास्तविक त्या मृतभक्षक असू शकतात. म्हणून यजमान कोणत्या तारखेपर्यंत जिवंत होता, अळी बाहेर पडताना तो जिवंत होता का, आणि झाकणाच्या जाळीतून बाहेरची माशी आत येऊ शकत होती का, हे वहीत लिहिलेले असलेच पाहिजे. यांपैकी कशाचीही खात्री नसेल तर ‘यजमानाच्या अवशेषांतून निघाली’ एवढेच लिहावे.

घरट्यांच्या बाबतीत नियम आणखी कडक आहेत. पिल्ले असलेल्या घरट्याला प्रशिक्षण आणि परवानगीशिवाय हात लावू नये. पिल्ले उडून गेल्यावर किंवा घरटे निकामी झाल्यावर ते लगेच बंद पिशवीत घेऊन पांढऱ्या ट्रेमध्ये काडी-काडीने उकलावे आणि तळाच्या थरातील अळ्या व कोष मोजावेत. फिलॉर्निसच्या लहान अळ्या पिल्लांच्या नाकपुड्यांत राहतात, तर मोठ्या अळ्या दिवसा घरट्याच्या तळाशी दडून रात्री वर येतात. त्यामुळे दिवसा वरवर पाहिलेले घरटे निर्धोक वाटू शकते.

नमुना तयार करणे आणि चिठ्ठी

टॅकिनिड माश्या शक्यतो कोरड्याच ठेवाव्यात, कारण अंगावरील चकाकीचा राखाडी थर आणि राठ केसांची मांडणी हीच ओळखीची मुख्य लक्षणे असतात आणि अल्कोहोलमध्ये ती बिघडतात. माशीला रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मारावे. टाचणी छातीच्या मध्यरेषेच्या किंचित उजवीकडून घालावी, म्हणजे डाव्या बाजूचे सगळे केस शाबूत राहतात. फार लहान माश्या कागदाच्या त्रिकोणी टोकावर चिकटवाव्यात. सुकण्याआधी नराच्या पोटाचे टोक बारीक सुईने थोडे बाहेर ओढून ठेवले, तर पुढचे बरेच काम वाचते. एक पाय काढून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवावा. डीएनएसाठी तो पुरतो. अळ्या मात्र उकळीच्या जरा खालच्या तापमानाच्या पाण्यात मारून मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात, अन्यथा त्या काळ्या पडतात आणि त्यांचे मुखांकुश (तोंडातील आकडे) व श्वसनरंध्रे पाहणे कठीण होते. डीएनएसाठीच्या अळ्या तेवढ्या थेट तीव्र अल्कोहोलमध्ये टाकाव्यात.

कोषाचे रिकामे कवच आणि यजमानाचे अवशेष जिलेटिनच्या कुपीत भरून त्याच टाचणीला लावावेत. पन्नास वर्षांनी कोणी यजमानाच्या नावावर शंका घेतली तर उत्तर त्या कुपीतच सापडेल.

चिठ्ठीवर द्वीपसमूह, बेट, नेमके ठिकाण, दशांश अंशांतील अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, पद्धत आणि गोळा करणाऱ्याचे नाव असावे. अक्षांश-रेखांश दशांशानंतर चार आकड्यांपर्यंत दिले की जागा सुमारे अकरा मीटरच्या आत निश्चित होते. महिना रोमन अंकांत लिहिण्याची कीटकशास्त्रज्ञांची प्रथा पाळावी, म्हणजे दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत नाही. दुसऱ्या चिठ्ठीवर यजमानाचे नाव, तो गोळा केल्याची तारीख, अळी बाहेर पडल्याची तारीख आणि माशी निघाल्याची तारीख या गोष्टी लिहाव्यात. केवळ वहीतील क्रमांक लिहून भागत नाही, कारण वह्या हरवतात.

ओळख पटवणे

प्रथम कूळ निश्चित करावे. टॅकिनिड माशीच्या पाठीच्या टोकाला जी त्रिकोणी ढाल असते, तिच्या बरोबर खाली दुसरा ठळक फुगीर उंचवटा दिसतो. माशी बाजूने पाहिली की एकाखाली एक अशी दोन उशांसारखी आकृती दिसते. शिवाय छातीच्या बाजूला, मागच्या पायाच्या मुळाच्या वर, राठ केसांची उभी ओळ असते. हे केस मांसमाश्या आणि निळ्या माश्यांमध्येही असतात, पण त्यांच्यात तो उंचवटा इतका विकसित नसतो.

कुळाच्या पुढे वंश आणि प्रजाती ठरवताना बेटांचा अभ्यासक हमखास अडतो. जवळच्या मुख्य भूमीसाठी तयार केलेली ओळखतालिका (एकेका लक्षणाच्या निवडीने नावापर्यंत नेणारी प्रश्नावली) वापरली, तर तिच्यात नसलेली प्रजातीही शेवटी कोणत्या तरी नावापाशी जाऊन थांबते. बेटावर माशी दुसऱ्याच खंडातून, जहाजातून आलेली असू शकते. म्हणून तालिकेने दिलेले नाव मिळाल्यावर त्या प्रजातीचे मूळ सविस्तर वर्णन वाचून प्रत्येक लक्षण ताडून पाहावे, आणि एक लक्षण जरी खटकले तरी ‘अपवाद असेल’ म्हणून पुढे जाऊ नये. शोध बहुतेक वेळा त्या खटकण्यातच दडलेला असतो.

जवळच्या प्रजातींत फरक करण्यासाठी नराचे जननांग पाहावे लागते. पोटाचे टोक वेगळे करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये मऊ करावे, धुवून ग्लिसरीनमध्ये तपासावे आणि नंतर ग्लिसरीन भरलेल्या छोट्या कुपीत ठेवून ती त्याच टाचणीला जोडावी.

डीएनए बारकोडचा उपयोग आता सर्रास होतो. पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तो बोल्ड या संदर्भसंचाशी ताडला जातो. जुळणी मिळाली तर ती मोठा आधार ठरते, पण संदर्भसंचातील नमुन्याचे नावच चुकीचे असू शकते, आणि अनेक उष्णकटिबंधीय माश्यांचा बारकोड अजून कोणी घेतलेलाच नाही. जुळणी न मिळणे हा प्रजाती नवी असल्याचा पुरावा नव्हे. बारकोड आणि शरीरलक्षणे यांचे उत्तर एकच येईपर्यंत थांबावे. त्यानंतर नमुना, उत्तम छायाचित्रे आणि आपले तर्क त्या कुळाच्या तज्ज्ञाकडे पाठवावेत. पत्रात ‘ही अमुकच आहे ना?’ असे विचारू नये. आपण कोणत्या लक्षणांवरून कोठपर्यंत पोहोचलो आणि कोठे अडलो, हे लिहावे, म्हणजे तज्ज्ञाला आपला कौल मोकळेपणाने देता येतो.

आलेली, स्थिरावलेली की मूळचीच

नाव नक्की झाल्यावरही विधान सावधपणेच करावे. वादळाने भरकटलेल्या पक्ष्याच्या अंगावर मिळालेली चपटी माशी ही त्या द्वीपसमूहातील पहिली नोंद ठरेल, परंतु ती तेथे प्रजनन करते असे म्हणता येणार नाही. वेगवेगळ्या हंगामांत, एकाहून अधिक ठिकाणी आणि स्थानिक यजमानातून माशी मिळाली तरच ‘स्थिरावलेली’ हा शब्द वापरावा.

ती आगंतुक आहे की आजवर नजरेतून सुटलेली स्थानिक प्रजाती आहे, हे ठरवताना अनेक धागे एकत्र आणावे लागतात: ती बंदराभोवतीच आढळते की दूरच्या जंगलातही, तिचे यजमान बाहेरून आलेले आहेत की केवळ त्या बेटांवरचे, मुख्य भूमीवरील नमुन्यांच्या तुलनेत तिच्यातील जनुकीय विविधता फार कमी आहे का, आणि जुने संग्रह काय सांगतात. फिलॉर्निसबाबत संशोधकांनी फार सुंदर युक्ती केली. या माशीच्या अळ्यांमुळे पिल्लांच्या नाकपुड्या कायमच्या विद्रूप होतात. मोठ्या झालेल्या पक्ष्यातही ती खूण राहते. संशोधकांनी संग्रहालयांतील फिंचांच्या जुन्या कातड्या तपासल्या, तेव्हा १९६० च्या दशकाआधीच्या पक्ष्यांमध्ये तशी विद्रूपता दिसली नाही. माशीचा नमुना नसतानाही यजमानाच्या शरीराने तिच्या आगमनाचा काळ सांगितला. आपल्या माशीची यजमानावर अशी कोणती टिकाऊ खूण उरते, हा प्रश्न प्रत्येक अभ्यासकाने स्वतःला विचारावा.

कळवणे आणि प्रसिद्ध करणे

माशी दुर्मीळ स्थानिक यजमानाला धोकादायक असण्याची शक्यता दिसली, तर शोधनिबंधाची वाट न पाहता जैवसुरक्षा आणि वनविभागाच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. बेटावर एकेका हंगामाची किंमत असते. गॅलापागोसमधील मॅन्ग्रोव्ह फिंच आज केवळ शंभराच्या आसपास उरले आहेत आणि त्यांच्या पिल्लांचा एक मोठा शत्रू हीच माशी आहे. तेथे पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेला कापूस ठेवून फिंचांनी तो स्वतःच घरट्यात विणावा असा प्रयोग झाला, आणि ज्या घरट्यांत पुरेसा कापूस गेला तेथे अळ्या फारच कमी आढळल्या. असे उपाय सुचायला आणि पारखायला वर्षे लागतात, म्हणून पहिली सूचना लवकर पोहोचली पाहिजे.

त्याच वेळी प्रत्येक परोपजीवी माशीला शत्रू ठरवण्याची घाईही करू नये आणि उपकारक म्हणून तिचे स्वागतही करू नये. फिजी बेटांवर नारळाची पाने फस्त करणाऱ्या लेव्हुआना पतंगाविरुद्ध १९२५ मध्ये मलायातून बेसा रेमोटा ही टॅकिनिड माशी आणली गेली आणि काही वर्षांतच तो पतंग जवळपास दिसेनासा झाला. बागायतदारांच्या दृष्टीने ते मोठे यश होते, पण तो पतंग फिजीबाहेर कोठेच माहीत नसल्याने एक संपूर्ण प्रजाती गेली असावी, अशी चिंता पुढे व्यक्त झाली. उत्तर अमेरिकेत १९०६ पासून सोडलेली कॉम्पसिल्युरा कॉन्सिनाटा दीडशेहून अधिक यजमानांवर जगू शकते आणि तिने स्थानिक रेशीम पतंगांनाही गाठले. म्हणून नोंदीत माशी कोणत्या यजमानातून, किती वेळा आणि कितीपैकी किती जीवांतून निघाली, हे आकडे द्यावेत आणि मूल्यनिर्णय पुढच्या अभ्यासावर सोडावा.

प्रसिद्ध करायच्या टिपणात तपासलेल्या प्रत्येक नमुन्याची चिठ्ठी जशीच्या तशी, नमुना कोणत्या सार्वजनिक संग्रहात ठेवला त्याचा क्रमांक, ओळखीची लक्षणे, वापरलेल्या तालिका, बाजूने व वरून घेतलेली छायाचित्रे, यजमानाचा पुरावा आणि आधीच्या याद्या व संग्रह तपासल्याचा तपशील असावा. डीएनएचा क्रम जेनबँक या खुल्या जनुकीय संग्रहात आणि नोंद जीबीआयएफवर जमा करावी. प्रजाती शास्त्रालाच नवी असेल आणि वर्णन केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात येणार असेल, तर २०१२ पासूनच्या नियमांनुसार त्या प्रकाशनाची झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंदणी आवश्यक आहे. नमुन्यांचा एक संच शक्य तेथे त्या द्वीपसमूहातच ठेवावा, म्हणजे तेथील पुढच्या अभ्यासकाला तुलनेसाठी समुद्र ओलांडावा लागणार नाही.

यजमानांचे जे डबे रिकामे गेले, त्यांचे आकडेही याच टिपणात द्यावेत. ‘अमुक बेटावर या पतंगाचे ऐंशी सुरवंट वाढवले, एकातूनही माशी निघाली नाही’ हे वाक्य, त्याच्या तारखांसह, पुढे कधी ती माशी त्या बेटावर सापडली तर ती बहुधा त्या तारखांनंतरच आली, हे ठरवायला उपयोगी पडेल. उरलेले न फुटलेले कोष क्रमांक लावून पुढच्या हंगामापर्यंत तसेच ठेवावेत आणि आठवड्यातून एकदा उघडून पाहावेत.